निष्ठेचा हिशेब

पक्ष वारशाने मिळतो, हा प्रकार फक्त आपल्याकडचा, असे आम्हांला बरीच वर्षे वाटत असे. ब्रिटनचा इतिहास वाचल्यावर ती समजूत गेली. तेथे १९५१ च्या निवडणुकीत मजूर आणि हुजूर या दोनच पक्षांनी सुमारे ९७ टक्के मते घेतली. खाणकामगाराच्या घरी मुलगा कामगार संघटनेत गेला, की त्याचे मतही बापाच्याच पक्षाला जाई.

युद्धानंतर भारत-पाकिस्तानातून ब्लॅकबर्न, ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत गेलेल्या मुसलमान कामगारांनीही मजूर पक्ष आपला मानला. ही वफादारी आंधळी नव्हती. वंशभेदाविरुद्धचे १९६५, १९६८ आणि १९७६ चे कायदे याच पक्षाच्या सरकारांनी केले. मात्र केनियातील आशियाई लोकांना दार लावणारा १९६८ चा कायदाही त्यांचाच. मतदारांनी तो पोटात घातला.

ब्लॅकबर्नने १९४५ पासून बार्बरा कॅसल आणि १९७९ पासून जॅक स्ट्रॉ यांना सतत निवडून दिले. २००३ मध्ये इराकवर युद्ध लादले गेले, तेव्हा स्ट्रॉ परराष्ट्रमंत्री होते. लंडनच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले. तरी २००५ मध्ये ब्लॅकबर्नने स्ट्रॉ यांनाच निवडले. त्याच वर्षी पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीनने मात्र मजूर पक्षाला ८२३ मतांनी नाकारले. जुने नाते एका घावाने तुटत नाही.

हा भ्रमनिरास केवळ मुसलमानांचा, असे कोणी समजू नये. १९२२ पासून मजूर पक्षाकडे असलेले ली हे खाणकामगारांचे गाव २०१९ मध्ये हुजूर पक्षाकडे गेले. 'आमच्याकडे आता कोणी पाहत नाही', हीच तेथील व्यथा होती.

पुढे गाझाच्या प्रश्नावर मजूर नेतृत्वाने युद्धबंदीची मागणी करण्यास विलंब लावला आणि २०२४ मध्ये ब्लॅकबर्नही निसटले. एक अपक्ष १३२ मतांनी निवडून आला. देशभरात दोन्ही मोठ्या पक्षांची मते मिळून सुमारे ५७ टक्क्यांवर आली. तरीही मजूर पक्षाला सत्ता मिळाली, हेही विसरू नये. रागाने दिलेले मत धडा शिकवते. पण शाळा, घर, रोजगार यांचे प्रश्न त्यानंतरही उरतातच.

आम्हांला यातून एवढेच उमगते, की वफादारी हा दोन्ही बाजूंनी पाळायचा करार आहे. पक्षाने मतदाराला आपली मिळकत मानले, की करार मोडतो. मतदाराने हिशेब मागणे सोडले, तर तो त्याआधीच मोडलेला असतो.