नोंदवहीतला अब्दुल हमीद

सातवीत असताना २६ जानेवारीला मी शाळेत वीर अब्दुल हमीद यांच्यावर भाषण केलं होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा, समोर सरपंच, गुरुजी आणि गावातली माणसं. हमीद यांनी एकट्याने आठ पॅटन रणगाडे उडवले, असं मी छाती पुढे काढून सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. संध्याकाळी बडे अब्बांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाने, जवळ बोलावून एवढंच विचारलं, "आठ किसने गिने, बेटा?"

बडे अब्बा स्वतः १९६५च्या लढाईत होते. दारूगोळ्याचा ट्रक चालवायचे. त्यांचा प्रश्न मला तेव्हा कोता वाटला. आपल्या माणसाचं मोठेपण सांगतोय, तर याला मोजमाप कशाला हवं? तो प्रश्न कळायला मला बरीच वर्षं लागली.

अब्दुल हमीद उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे. वडील शिंपीकाम करायचे. १९५४ साली ते फौजेत गेले आणि ग्रेनेडियर्सच्या चौथ्या बटालियनमध्ये दाखल झाले. या रेजिमेंटचं मूळ जुन्या मुंबई फौजेत आहे, म्हणजे आपल्या महाराष्ट्राशी तिचं नातं जुनं आहे. १९६५च्या सप्टेंबरात हमीद पंजाबच्या खेमकरण भागात होते. हुद्दा कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार, म्हणजे कंपनीच्या सामानसुमानाचा हिशेब ठेवणारा माणूस. पण जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेवर त्यांचा हात बसलेला होता, म्हणून लढाईत ती तोफ त्यांच्याकडे आली.

परमवीर चक्राच्या गौरवपत्रात १० सप्टेंबरची सकाळ आहे. आठच्या सुमाराला पॅटन रणगाड्यांचा हल्ला चिमा गावाच्या पुढच्या भागावर आला. नऊपर्यंत रणगाडे आपल्या पुढच्या ठाण्यांत घुसले. हमीद यांनी जीप बाजूला काढली, पहिला रणगाडा निकामी केला, जागा बदलली आणि दुसरा पेटवला. मग शत्रूला जीप दिसली. मशिनगन आणि तोफगोळ्यांचा मारा सुरू असताना ते तिसऱ्या रणगाड्यावर डागत राहिले आणि त्यातच त्यांना वीरमरण आलं. गौरवपत्रातला रणगाड्यांचा हिशेब इथे संपतो.

मग चार, सात, आठ हे आकडे कुठून आले? पलटणीकडून सांगितली जाणारी हकिकत अशी की, हमीद यांनी आधीच्या दोन दिवसांतही रणगाडे उडवले होते आणि चार रणगाड्यांबद्दलची शिफारस ९ तारखेलाच वर गेली होती. दहा तारखेचे रणगाडे त्यात नव्हते. पुढे पुस्तकांनी, फलकांनी आणि आमच्यासारख्या भाषण करणाऱ्यांनी आपापली बेरीज केली. आज एका ठिकाणी चार वाचायला मिळतात, दुसरीकडे सात, तिसरीकडे आठ. माणूस एक, लढाई एक आणि आकडे तीन. शौर्याबद्दल कुणालाच शंका नाही, पण नोंद धूसर झाली. ती धूसर करण्यात आपल्या टाळ्यांचाही वाटा आहे.

नोंद चुकणं ही फक्त एका समाजाची गोष्ट नाही. याच ग्रेनेडियर्सच्या अठराव्या बटालियनचे योगेंद्रसिंह यादव १९९९ साली टायगर हिलवर अनेक गोळ्या लागूनही लढले. त्यांना परमवीर चक्र जाहीर झालं ते मरणोत्तर. प्रत्यक्षात एकोणीस वर्षांचा हा जवान रुग्णालयात उपचार घेत होता. शहीद झालेला जवान त्याच पलटणीतला, त्याच नावाचा दुसरा होता. चूक लक्षात आली, दुरुस्त झाली आणि यादव यांनी स्वतः जाऊन पदक स्वीकारलं. कारगिलमध्येच बटालिक भागात लढलेल्या ब्रिगेडियर देविंदर सिंह यांना मात्र आपल्या कामगिरीची खरी नोंद व्हावी म्हणून दाद मागावी लागली. २००७च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाने २०१० साली त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि लढाईचा अहवाल दुरुस्त करायला सांगितलं.

अमेरिकेचं उदाहरण आणखी बोलकं आहे. दुसऱ्या महायुद्धात लाखो कृष्णवर्णीय सैनिक लढले, पण देशाचं सर्वोच्च पदक त्यांच्यापैकी एकालाही मिळालं नव्हतं. पन्नास वर्षांनी जुनी कागदपत्रं पुन्हा तपासली गेली आणि १९९७ साली सात जणांना ते पदक देण्यात आलं. समारंभाला हयात होते फक्त एक, व्हर्नन बेकर. बाकी सहा जणांना न्याय मिळाला, पण तो पाहायला ते नव्हते. तरी तो मिळाला, कारण त्यांच्या लढाईचे कागद शिल्लक होते.

बडे अब्बा गेले तेव्हा मला कागदाची ही किंमत घरातच कळली. बडी अम्मींच्या नावापुढे एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बेगम' आणि तिसऱ्यावर काहीच नाही. शेख लिहिण्याच्याही दोन तऱ्हा. कुटुंब निवृत्तिवेतन अडकलं. आपल्यात किती घरांत हीच कथा आहे! लोखंडी पेटीतून डिस्चार्ज बुक काढलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. पदकांच्या रकान्यात रक्षा पदक होतं. प्रत्यक्ष रणक्षेत्रात सेवा केलेल्यांना मिळणारा समर सेवा स्टार मात्र नव्हता. मी बडी अम्मींना विचारलं. त्या म्हणाल्या, "वो बोलते थे, हम तो गाडी चलाए."

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका माजी सुभेदारांनी अर्ज कसा करायचा ते समजावलं. बायकोचं नाव दुरुस्त करायचं तर शपथपत्र, आधार, जुने कागद. ते अभिलेख कार्यालयात गेले की तिथून आदेश निघतो आणि मगच नोंद बदलते. पदकासाठी वेगळा अर्ज, त्या काळातल्या युनिटच्या तपशिलासह. पत्रं गेली, परत आली, पुन्हा गेली. निवृत्तिवेतन सुरू झालं. त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी एक छोटी डबी आली. पदकावर क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं होतं. बडी अम्मींनी चश्मा लावून त्यावरची अक्षरं बोटाने चाचपली आणि नाव बरोबर आहे का, हे मला तीनदा वाचायला लावलं.

२०२५च्या फेब्रुवारीत धामूपूरहून बातमी आली. ज्या शाळेत अब्दुल हमीद शिकले, तिच्या दारावरचं त्यांचं नाव रंगकामात गेलं होतं आणि तिथे 'पीएम श्री कंपोझिट स्कूल' असं लिहिलं गेलं होतं. घरच्यांनी आवाज उठवला आणि नाव परत आलं. काहींना राग आला, काहींनी भाषणं केली. पण नाव परत आणलं ते तक्रार घेऊन गेलेल्या माणसांनी.

मला आता वाटतं, आपल्या सैनिकांबाबत आपण दोन चुका करतो. त्यांची नोंद कुणी पुसली की चिडतो, पण ती नीट जपत नाही. आणि निष्ठेचा पुरावा मागणाऱ्यांना उत्तर म्हणून आकडे फुगवतो. फुगवलेला एक आकडा खोटा ठरला की, शंका घेणारा खऱ्या गोष्टीवरही बोट ठेवतो. ज्यांच्या घरात कुणी फौजेत होतं, त्यांनी पेटी उघडावी. डिस्चार्ज बुकातली नावं, तारखा, पदकांचा रकाना तपासावा. सांगणारे म्हातारे आहेत, तोवर विचारून घ्यावं.

गेल्या २६ जानेवारीला त्याच शाळेने मला बोलावलं होतं. मी गौरवपत्रात आहे तेवढंच सांगितलं. पहिला रणगाडा निकामी केला, दुसरा पेटवला, तिसऱ्यावर डागताना ते गेले. टाळ्या वाजल्याच. या वेळी आकड्यासाठी नव्हत्या.