डाखकामाचे विद्युतीकरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

परभणी जिल्ह्यातील चुडाव्यासारख्या गावांत डाखकामाचा इतिहास विजेच्या आगमनाशी निगडित आहे. डाख म्हणजे कथील व शिसे यांचा मिश्रधातू. पूर्वी कारागीर तांब्याचा ठोकळा निखाऱ्यांवर तापवी, नवसागराने साफ करी. ठोकळा निवला की पुन्हा भट्टी. साहजिकच भट्टी ज्याची, कसबही त्याचेच. जर्मनीत अर्न्स्ट साक्स यांनी १९२१ मध्ये विद्युत डाखणीचे उत्पादन सुरू केले. अमेरिकेत कार्ल वेलर यांच्या पिस्तुलाकार उपकरणास १९४६ मध्ये पेटंट मिळाले. त्यातील रोहित्र तांब्याच्या वेढ्यात प्रबळ प्रवाह सोडून टोक काही सेकंदांत तापविते. पुढे चाप ओढताच डाखाची तार सरकविणारी साधनेही आली. तारेच्या पोटात राळ असल्याने नवसागर नको, आणि दुसरा हात मोकळा.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. त्यानंतर खेड्यापाड्यांत वीज पसरत गेली, तसे रेडिओ दुरुस्त करण्यासाठी कारागिराच्या घरी जन्मण्याचे कारण उरले नाही; आयटीआयचे शिक्षण पुरे झाले. यंत्रेतिहासात या सामाजिक स्थित्यंतराची दखल क्वचितच घेतली जाते. कल्हईवाल्याचा भाता मात्र टिकला, कारण कल्हईसाठी सबंध भांडेच तापवावे लागते.