मांजराला माती हवी

इतिहासाच्या शिक्षकाला विद्यार्थी सहसा सनावळ्या विचारतात. परंतु गेल्या उन्हाळ्यात माझ्या वर्गातील एका मुलीने तास संपल्यावर निराळाच प्रश्न विचारला. तिचे कुटुंब उज्जैनच्या जुन्या वस्तीतील वाडा सोडून चौथ्या मजल्यावरील घरात राहावयास गेले होते. वाड्यामागे परसू होते, परसात माती होती, आणि घरच्या मांजरीचे देहधर्म कोणाच्या ध्यानात न येता उरकत असत. नव्या घरात जिकडे तिकडे फरशी. मांजरी अंथरुणात घाण करू लागली. तेव्हा आजोबांनी निर्णय दिला, की येत्या रविवारी तिला पोत्यात घालून क्षिप्रेपलीकडे सोडावे. "सर, मांजरीला संडासात जायला शिकवता येतं का हो?" असे ती मुलगी विचारीत होती. हाती चार दिवस होते.

या प्रश्नाचे उत्तर शोधावयास फार लांब जावे लागत नाही. सहाव्या शतकात याच अवंतीच्या परिसरात वराहमिहिर होऊन गेले. त्यांच्या बृहत्संहितेत लवकरच येणाऱ्या पावसाची चिन्हे सांगितली आहेत. त्यांतील एक चिन्ह असे, की मांजरे नखांनी पुनःपुन्हा जमीन उकरू लागतात. त्याच्या जोडीलाच, गल्लीत मुले मातीचे बांध घालू लागली म्हणजे पाऊस जवळ आला समजावे, असेही ते म्हणतात. हे भाकीत किती खरे ठरते, हा प्रश्न वेगळा. परंतु ज्या नगरीत मांजरांना आणि मुलांना उकरावयास दाराशी माती मिळत होती, तिचे चित्र या नोंदीत सहज उमटले आहे.

ही उकरण्याची सवय मांजराला कोणी शिकविलेली नाही. पाळीव मांजर हे आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रानमांजराचे वंशज होय. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले आढळले. हा शोध 2004 साली प्रसिद्ध झाला. इतका जुना आपला सहवास. तरीही मऊ माती उकरावी, मलमूत्र झाकावे, ही रानातली रीत त्याने सोडली नाही. महिन्याभराचे पिलू आपण होऊन ती आचरू लागते.

शहरे वाढली, माती दुरावली, तेव्हा पाश्चात्त्य देशांतील लोक पेटीत वाळू किंवा चुलीतील राख भरून ठेवीत. 1947 साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात एडवर्ड लोव या तरुणाने एका शेजारणीला राखेऐवजी भाजलेल्या मातीचे खडे दिले. ही माती म्हणजे आपल्या मुलतानी मातीच्या जातीची. ओल शोषणारी ही माती पिशव्यांत भरून तो विकू लागला, आणि त्यातून मोठा व्यापार उभा राहिला.

याच्याही पुढे एक गृहस्थ गेले. चार्ल्स मिंगस हे जॅझ संगीतातील थोर वादक व रचनाकार. त्यांनी आपल्या मांजराला कमोडवर बसावयास शिकविले, आणि ती रीत सांगणारी छोटी पुस्तिकाही लिहिली. कागदाच्या तुकड्यांनी भरलेली पेटी दररोज थोडी थोडी सरकवीत न्हाणीघरापर्यंत न्यावी, मग ती कमोडवर ठेवावी, तिला भोक पाडून ते वाढवीत जावे, आणि शेवटी पेटीच काढून घ्यावी, अशी ती रीत. घाई करू नये, हा त्यांचा मुख्य उपदेश.

म्हणजे मांजराला शिकविता येते. पण शिकवावे काय? मला तसे वाटत नाही. निसरड्या कडेवर तोल सांभाळीत बसणे म्हाताऱ्या मांजराला जमत नाही. उकरण्याचे सुख जाते. लघवी अडली तर नर मांजर दोन-तीन दिवसांत दगावू शकते. पाण्यात वाहून गेलेल्यावरून हा आजार वेळीच कळत नाही. शिवाय मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरतो, हे 1970 च्या सुमारास सिद्ध झाले. गर्भवतींना तो विशेष घातक. त्याची कवचबंद बीजे सांडपाण्याच्या शुद्धीकरणातूनही निसटू शकतात. म्हणून कॅलिफोर्नियाने 2006 साली कायदा करून अशा मातीच्या पिशव्यांवर, ती घाण संडासात टाकू नये, अशी सूचना छापावयास लावली. क्षिप्रेच्या पाण्याची काळजी वाहणाऱ्या आपल्या गावाने हे ध्यानी घ्यावे.

मी त्या मुलीला म्हटले, "बाळ, संडास राहू दे. एक रुंद घमेले घे. त्यात चार बोटे वाळू घाल. जेवणाच्या जागेपासून दूर, शांत कोपऱ्यात ठेव. खाणे झाल्यावर मांजरीला तेथे सोड. अंथरुणे नीट धू, वास राहू देऊ नकोस. मारू नकोस. रोजची घाण रोज काढून, बांधून कचऱ्यात टाक. ती बीजे बाधक व्हायला निदान एक दिवस लागतो. हे काम घरातील मोठ्यांनी करावे, आणि हात धुवावेत."

शनिवारी संध्याकाळी मी आजोबांना भेटलो. मांजर मारल्यास सोन्याचे मांजर दान द्यावे लागते, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्या पापाच्या भयानेच पोत्याची युक्ती निघाली असावी. मी म्हटले, "आजोबा, परसू आपण सोडले, तिने नव्हे. फरशीवरच्या घरात पलीकडच्या काठाइतकीच ती परकी आहे." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आठ दिवस पाहू."

ते आठ दिवस अजून संपलेले नाहीत. जूनमध्ये त्या मुलीने येऊन सांगितले, "सर, मांजरी फार जोरानं उकरतेय, आता पाऊस येणार!" पाऊस मात्र चार दिवस उशिरा आला. त्यात वराहमिहिरांचा दोष नाही. त्यांनी जमीन म्हटले होते, घमेले नव्हे.