पार्किंगमधली पद्मिनी

आपल्या सोसायटीची नोंदणी झाली २००० साली. त्याच सुमारास प्रीमियर पद्मिनी या गाडीचं उत्पादन कायमचं थांबलं. म्हणजे 'बी' विंगच्या जिन्याशेजारी उभी असलेली आमची पांढरट गाडी सोसायटीपेक्षा चौदा वर्षांनी मोठी. तिच्याबद्दल लहान मुलं मला हमखास एकच प्रश्न विचारतात, "काका, ही ॲम्बॅसॅडर का?" नाही रे बाबांनो. ॲम्बॅसॅडर कलकत्त्याकडची, ही आपल्या कुर्ल्याची. समितीने स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलंच आहे, तर हा इतिहास एकदाचा लिहून काढतो.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी जहाजं चालवली, विमानाचा कारखाना काढला, साखर कारखाना उभारला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. त्या गाड्या अमेरिकन, क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने जोडलेल्या. पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला आणि गोलमटोल नाकाची, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी ११०० आली. तिला आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणायचे. लोक प्रेमानेच म्हणायचे, पण नाव काही चांगलं नाही! १९६४ मध्ये चौकोनी बांध्याची ११०० डिलाइट आली. पुढे सत्तरच्या दशकात फियाट हे नाव गळलं, काही काळ 'प्रेसिडेंट' झालं आणि १९७४ मध्ये चित्तोडच्या राणीचं नाव मिळालं, पद्मिनी. इंजिन तेच राहिलं, १०८९ सीसी, साधारण चाळीस हॉर्सपॉवर. माझी आई मात्र शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिली.

आमच्या बाबांनी ती १९८० मध्ये बुक केली आणि हातात आली १९८६ च्या मार्चमध्ये. लायसन्स राजमध्ये गाडीसाठी सहा वर्षं थांबण्यात कुणाला आश्चर्य वाटत नसे. मधल्या काळात, १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली होती. ऑफिसातल्या मित्रांनी बाबांना पद्मिनीचं बुकिंग सोडून द्यायला सांगितलं. बाबा म्हणाले, "मारुतीच्या बॉनेटखाली काय चाललंय ते मला कळत नाही. हिच्यातलं कळतं."

या वाक्यात त्या गाडीचं सगळं मर्म आलं, असं मला वाटतं. बॉनेट उघडलं की आत हात घालायला जागा आहे. कार्बोरेटर वर, डिस्ट्रिब्युटर दिसतो, चारही प्लग समोर. चार पाने, एक स्क्रू ड्रायव्हर, एक फीलर गेज आणि एक ग्रीस गन एवढ्यावर निम्मी कामं होतात. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी हीच गाडी उचलली त्याचं हेही एक कारण. दुसरं म्हणजे गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि पुढची सीट सलग, त्यामुळे पुढेही एखादा जास्तीचा माणूस मावायचा.

आपल्या जुन्या सभासदांना २६ जुलै २००५ आठवत असेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि आपल्या पार्किंगमध्ये पाणी गाड्यांच्या सीटपर्यंत चढलं. पाणी ओसरल्यावर डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाळ चहासारखं झालेलं. तेव्हा मिस्त्रींनी पहिली ताकीद दिली, "चावी फिरवायची नाही." इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. त्यांनी प्लग काढून इंजिन हाताने फिरवलं, पाणी बाहेर काढलं, ऑइल दोनदा बदललं, डिस्ट्रिब्युटरची टोपी गॅलरीत उन्हात वाळवली. गाडी चौथ्या दिवशी सुरू झाली. पण खालच्या पत्र्यात गंज शिरला तो तेव्हाच. पुढची दहा वर्षं गालिच्याखाली तो आपलं काम करत राहिला.

२०१५ मध्ये बाबा गेल्यावर मी गाडी पूर्ण उघडायला दिली. फ्लोअरचा कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड केला, रेडऑक्साइड मारलं, इंजिन रिबोअर झालं. ते वर्ष, तो खर्च आणि घरातली भांडणं यावर लिहीत नाही. रिस्टोरेशन हे एकदाचं काम असतं, सांभाळणं मात्र दर आठवड्याचं.

पद्मिनी बसून बिघडते. म्हणून दर रविवारी इंजिन निदान वीस मिनिटं गरम होऊ द्यायचं आणि गाडी थोडी फिरवून आणायची, नाहीतर टायर एकाच जागी दबतात आणि ब्रेकच्या सिलिंडरमधले रबर कडक होतात. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पेडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली जात असेल, तर गाडी जागेवरून हलवायची नाही. इथे काटकसर नको. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं.

पावसाळ्यात सुरू होत नसेल तर आधी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसा. बहुतेक वेळा रोग तिथेच असतो. मग पॉइंट. त्यांच्यावर काजळी धरते, बारीक पॉलिश पेपरने घासायची आणि फटीचं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवायचं. कार्बोरेटरचे जेट तुंबले तर फुंकून किंवा हवा मारून साफ करायचे. त्यात टाचणी कधीही घालू नये, भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिते. मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये अडकलं की इंजिनाच्या उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. यावर ओलं फडकं पंपावर ठेवणं हा टॅक्सीवाल्यांचा उपाय. आजही तोच चालतो.

नवी अडचण पेट्रोलचीच आहे. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने फुगतो, टाकीत पाणी धरतं. मी सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घेतल्या आणि टाकी कधी रिकामी ठेवत नाही. आणखी एक, जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी जाऊ नये. खाली लाकडी ठोकळे लावल्याशिवाय मी मुलांना जवळ येऊ देत नाही.

सुटे भाग अजून कुर्ल्यालाच मिळतात, सीएसटी रोडच्या जुन्या दुकानांत. पण कमी होत चाललेत. जिथे कारखाना होता तिथे आता टॉवर आहेत, प्रीमियर रोड हे नाव तेवढं उरलं. टॅक्सी होत्या तोवर भागांना गिऱ्हाईक होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्याआधी दीड महिना बेस्टची जुनी डिझेल डबलडेकरही गेली होती. आमचे मिस्त्री, ज्यांनी उमेदीत कुर्ल्याच्या कारखान्यात काम केलं, ते आता मालेगावला मुलाकडे असतात. कानाला स्क्रू ड्रायव्हर लावून कुठलं टॅपेट वाजतंय ते सांगणारा दुसरा माणूस मला मिळालेला नाही. सध्या फोनवर इंजिनाचा आवाज ऐकवतो आणि ते तिकडून सांगतात.

आता थोडं घरचं. येत्या मार्चमध्ये गाडीच्या आरसीचं नूतनीकरण आहे. फिटनेस, ग्रीन टॅक्स सगळं आलं. विंटेज म्हणून नोंद करायला गाडी पन्नास वर्षांची लागते, त्याला अजून दहा वर्षं आहेत. शिवाय पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचं नव्याने वाटप होणार आहे आणि "रोज न वापरल्या जाणाऱ्या गाड्या हटवाव्यात" असा ठराव आलेला आहे. ज्यांनी तो मांडला त्यांची अडचण खरी आहे, घरात दोन गाड्या आणि जागा एक. चार्जिंग पॉइंटही हवेतच. माझं म्हणणं एवढंच, की ही गाडी उभी करून ठेवलेलं भंगार नाही. ती चालते, तिचा विमा आहे, खाली तेलासाठी ट्रे आहे, आणि लांबी चार मीटरहून कमी आहे, आताच्या कित्येक गाड्यांपेक्षा आखूड. जिन्याशेजारची सोयीची जागा मी सोडायला तयार आहे. पंपरूमजवळचा कोपरा, जिथे चार्जिंगची केबल जाणार नाही आणि मोठी गाडी वळणार नाही, तो पद्मिनीला पुरेल. तसं पत्र मी सेक्रेटरींना दिलं आहे.

फिटनेसआधी पुढच्या चाकांचं ग्रीसिंग आणि हॅंडब्रेकचं काम बाकी आहे. रविवारी सकाळी नऊपासून बॉनेट उघडं असतं. ग्रीस गन दाबायला एक माणूस लागतोच. 'ए' विंगमधली दोन मुलं येतात, त्यातली एक आता पॉइंटची फट गेज न लावताही बरोबर सांगते.