किंमत न मिळालेल्या विक्रेत्याचे अधिकार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
विक्री झाली, मालकी खरेदीदाराकडे गेली. परंतु किंमत चुकती होण्यापूर्वीच त्याचे दिवाळे निघाले, तर विक्रेत्याने इतर धनकोंच्या रांगेत उभे राहावे काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

इंग्लंडमधील वाटचाल :
वाइजमन विरुद्ध व्हँडेपुट (१६९०) या खटल्यात लंडनच्या चॅन्सरी न्यायालयाने दिवाळखोराकडे निघालेला माल विक्रेत्याने वाटेतच वळविणे न्याय्य ठरविले. एकाच्या मालातून दुसऱ्याचे कर्ज फिटू नये, हे या अधिकारामागील साधे तत्त्व होय.

तथापि सागरी व्यापारात माल जहाजावर, तर त्याचा दस्तऐवज म्हणजे बिल ऑफ लेडिंग बाजारात फिरत असे. १७८६ मध्ये मिडलबर्गच्या ट्युरिंग या व्यापाऱ्यांनी रॉटरडॅमच्या फ्रीमनसाठी लिव्हरपूलकडे माल रवाना केला आणि सही केलेली बिले त्याला पाठविली. फ्रीमनने ती लिकबॅरो यांना हस्तांतरित केली व किंमत न देताच तो दिवाळखोर झाला. ट्युरिंग यांच्या वतीने मेसन यांनी माल ताब्यात घेतला. लिकबॅरो यांच्या बाजूने १७८७ मध्ये झालेला निकाल १७९० मध्ये फिरला. १७९४ मध्ये अखेर तेच जिंकले. दोन निर्दोष व्यक्तींपैकी एकाला तोटा अटळ असेल, तर ज्याच्यामुळे तिसऱ्याला तशी संधी मिळाली त्याने तो सोसावा, अशी न्या. अ‍ॅशहर्स्ट यांची भूमिका होती.

भारतीय कायदा :
भारतात हा विषय प्रथम करार अधिनियम, १८७२ च्या सातव्या प्रकरणात होता. १९३० मध्ये त्याच्या जागी स्वतंत्र मालविक्री अधिनियम आला. त्यातील कलमे ४५ ते ५४ विक्रेत्याला धारणाधिकार, खरेदीदार नादार झाल्यास मार्गस्थ माल थांबविण्याचा अधिकार आणि पुनर्विक्रीचा मर्यादित अधिकार देतात. मात्र कलम ५३ अन्वये, खरेदीदाराने मालाचा हक्कदर्शक दस्तऐवज सद्भावी व्यक्तीस मोबदला घेऊन विकला, तर पहिले दोन्ही अधिकार संपतात. कलम २(४) नुसार रेल्वेची पावतीही असा दस्तऐवज आहे.

निष्कर्ष :
विक्रेत्याचे हे संरक्षण मालकीवर नव्हे, तर मालावरील नियंत्रणावर उभे आहे. किंमत हाती येण्यापूर्वी बिल्टी खरेदीदाराच्या स्वाधीन करणारा व्यापारी केवळ कागद देत नाही. मालावरील आपली शेवटची पकडही तो पणाला लावतो.