टपालातून चाललेले वाचनमंडळ

रणजित देसाई यांची ‘श्रीमान योगी’ उघडली की कादंबरीच्या आधी एक पत्र लागते. लिहिणारे नरहर कुरुंदकर, मुक्काम नांदेड. ज्यांना लिहिले ते देसाई कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातले, कोवाडचे. नांदेड गोदावरीच्या काठी, तर कोवाड महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, बेळगावच्या बाजूला. पत्रात कौतुकाचे चार शब्द लिहून कुरुंदकर मोकळे होत नाहीत. शिवाजी महाराजांविषयीची साधने कोणती, त्यांतली कितपत विश्वासाची, महाराजांचे मोठेपण नेमके कशात शोधायचे, असे प्रश्न ते एकामागून एक मांडत जातात. देसाईंनी हे पत्र प्रस्तावना म्हणून छापले. गेली पन्नासहून अधिक वर्षे मराठी वाचक दोन मित्रांचा हा दूरवरचा संवाद कादंबरीबरोबर वाचत आले आहेत.

असे पत्र नांदेडहून जावे, यात नवल नाही. दूर बसून एकत्र वाचण्याची सवय मराठवाड्याला फार आधीपासून होती, आणि ती गरजेतून लागली होती.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे शिक्षणाची आणि कारभाराची भाषा उर्दू होती. 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. नांदेडात पीपल्स कॉलेज सुरू झाले 1950 साली, लातुरात दयानंद महाविद्यालय 1961 साली. त्याआधी या दोन गावांतल्या ज्या मुलाला मराठी साहित्याची ओढ लागे, त्याच्यासाठी पुस्तक म्हणजे पुण्या-मुंबईहून मागवायची वस्तू. ते व्ही.पी.ने, म्हणजे पोस्टमनला पैसे मोजून, येई आणि त्यात हिशेबाचाही घोळ असे. संस्थानात चालायचा हाली सिक्का, इंग्रजी मुलखात कलदार. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. पुस्तकावर किंमत एक रुपया छापलेली असली, तर हालीत ती एक रुपया दोन आणे आठ पै होई, टपालखर्च वेगळा. एवढे पैसे मोजून आलेले पुस्तक एकट्याने वाचून फळीवर ठेवणे परवडणारे नव्हते. ते हातोहात फिरे.

पुस्तकांची वाटही सरळ नव्हती. नांदेड हैदराबाद-मनमाड या मीटरगेज मार्गावर. मुंबईचा माल मनमाडला ब्रॉडगेजवरून उतरून दुसऱ्या गाडीत चढे. लातूरला 1911 साली बार्शी लाईट रेल्वे पोहोचली, ती नॅरोगेज, रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. पुण्याहून निघालेला गठ्ठा कुर्डुवाडीला गाडी बदलून रमतगमत लातूरला येई. सुमारे दीडशे किलोमीटरवरची ही दोन गावे बाहेरच्या जगाशी दोन वेगळ्या रुळांनी जोडलेली होती. एकमेकांशी जोडणारा सरळ रूळ मात्र नव्हता. आज नांदेड-पनवेल एक्सप्रेस परळी, लातूर, कुर्डुवाडी करत पुण्याला जाते. तिच्यात झोपून जाणाऱ्याला त्या जुन्या अंतराची कल्पना येणे कठीण आहे.

अंतर रेल्वेने पाडले होते, तसे राजवटीनेही पाडले होते. 1929च्या सुमारास निघालेल्या ‘गश्ती निशान 53’ने परवानगीशिवाय सार्वजनिक सभा घ्यायला बंदी केली. चार माणसे एकत्र येऊन वाचायला बसली तरी अधिकाऱ्याला संशय यावा, असा तो काळ. अशा वेळी वाचनालय म्हणजे पुस्तकांचे कपाट एवढाच अर्थ राहत नाही. परभणीचे गणेश वाचनालय 1901 सालचे. त्याच वर्षी हैदराबादेत तेलुगू भाषकांनी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम काढले. 1922 साली तिथेच मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. भाषा जिवंत ठेवायची, तर वाचणारे एकमेकांना धरून असले पाहिजेत, ही जाणीव तेलुगू आणि मराठी दोन्ही घरांत एकाच वेळी जागी झाली होती. पुढे संस्थानातल्या मराठी लोकांच्या महाराष्ट्र परिषदेची अधिवेशने भरू लागली, पहिले 1937 साली परतूरला, दुसरे 1938 साली लातूरला. एरवी पत्रांतून भेटणारी माणसे तिथे समोरासमोर आली.

आ. कृ. वाघमारे यांनी 1938 साली ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले ते पुण्याहून, कारण संस्थानात ते निघू शकले नसते. निजाम सरकारने त्याच्यावर बंदी घातली, तेव्हा ते दुसऱ्या नावाने निघाले, त्यावरही बंदी आली तेव्हा तिसऱ्या. सरहद्दीपलीकडे छापायचे, अलीकडे पोहोचवायचे आणि एक अंक अनेकांनी वाचायचा, हे वाचन जोखमीचे होते. अंक जपून ठेवण्यापेक्षा पुढच्या हाती सोपवणे अधिक महत्त्वाचे होते.

बडोद्याची गोष्ट इथे आठवावी लागते, कारण तीही एका संस्थानाचीच. सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवण्याची व्यवस्था उभी केली. तिथे राजाच पुस्तक घेऊन वाचकाच्या दारी जात होता. मराठवाड्यात वाचकाला पुस्तक मागवण्यापासून पुढे पोहोचवण्यापर्यंत सगळे स्वतःच करावे लागले. बडोद्याला सोय मिळाली, मराठवाड्याला सवय. सोयीचे मोल कमी नाही, पण कुरुंदकरांसारखा वाचक घडला तो या सवयीतून, असे म्हणायला जागा आहे.

कुरुंदकरांचा जन्म 1932चा, नांदापूरचा. हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. शिक्षणासाठी ते हैदराबादला मामांकडे राहिले. मामा म्हणजे मराठीचे प्राध्यापक आणि अभ्यासक ना. गो. नांदापूरकर. नांदेडला आल्यावर कुरुंदकरांनी आधी प्रतिभा निकेतन शाळेत शिकवले, मग पीपल्स कॉलेजात, आणि तिथेच ते प्राचार्य झाले. साहित्याची मोठी केंद्रे पुण्या-मुंबईत. प्रकाशक, संपादक, ग्रंथालये सगळे तिकडे. कुरुंदकरांनी नांदेड सोडले नाही. नांदेडात बसून त्यांनी आय. ए. रिचर्ड्सच्या कलामीमांसेवर पुस्तक लिहिले, मनुस्मृतीवर लिहिले, आणि महाराष्ट्रभरच्या लेखकांच्या पुस्तकांना प्रस्तावना लिहिल्या. त्यांची प्रस्तावना म्हणजे पाठीवर थाप नव्हे. लेखकाशी जिथे मतभेद आहे ते तिथे लिहून ठेवत आणि तरी पुस्तक वाचायला लावत. समोर बसून बोलताना माणूस भिडेखातर गप्प बसतो. पत्रात तसे चालत नाही, कारण उत्तर लिहायचे म्हणजे पुस्तक पुन्हा उघडावे लागते. 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादला एका कार्यक्रमात त्यांचे अकस्मात निधन झाले. वय अवघे एकोणपन्नास.

कुरुंदकरांच्या हयातीत व्यवस्थाही उभी राहत होती. 1953 साली मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ नियतकालिक निघाले आणि विखुरलेल्या लेखक-वाचकांना बोलायला जागा मिळाली. 1955 साली हैदराबाद राज्याचा ग्रंथालय कायदा झाला, तेव्हा मराठवाडा त्याच राज्यात होता. महाराष्ट्राचा कायदा 1967 सालचा. अनुदान आले, गावोगाव वाचनालये झाली. पुस्तक मागवण्याची निकड कमी झाली आणि त्याबरोबर पत्रे लिहिण्याची निकडही ओसरत गेली.

मराठीत टपालातून वाचणारे इतरही होते. धारवाडला राहणारे, माणसांना भेटण्याची फारशी हौस नसणारे जी. ए. कुलकर्णी पत्रांतून मात्र भरभरून बोलत. सुनीताबाई देशपांडे यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात पुस्तके सतत येत-जात राहतात. दोघे एका गावात राहिले असते, तर मराठी वाचकाच्या हाती यातले काही लागले असते का?

1990च्या दशकात लातूरचे नाव महाराष्ट्रभर झाले ते ‘लातूर पॅटर्न’मुळे. राजर्षी शाहू महाविद्यालयातून सुरू झालेल्या या पद्धतीने मराठवाड्यातल्या हजारो मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकीची दारे उघडली. हे यश मोठे आहे आणि ते मुलांच्या कष्टाचे आहे. पण त्याच गावाने वाचन म्हणजे सराव प्रश्नपत्रिका, असे समीकरण एका पिढीच्या मनात रुजू दिले, हेही खरे. ती पिढी आज पुणे, हैदराबाद, बंगळुरू आणि परदेशात आहे. मित्रांचे व्हॉट्सॲप गट आहेत, त्यांत पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो येतात, खाली अंगठे उमटतात आणि विषय संपतो.

बडोद्याची ती पेटीची जुनी कल्पना मात्र पुन्हा चालती झाली आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचे विनायक रानडे यांनी 2009 साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले. शंभर पुस्तकांची पेटी, सुमारे पस्तीस वाचकांचा गट, दर चार महिन्यांनी पेटीची अदलाबदल. ही पेटी दुबई, नेदरलँड्स, टोकियोच्या मराठी घरांपर्यंत गेली. पुस्तक पोहोचवण्याचा प्रश्न तिने सोडवला आहे. वाचून झाल्यावर एकमेकांना सविस्तर उत्तर देण्याचे काम वाचकांनाच करावे लागेल.

डिसेंबर 2024मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत पुस्तकांसाठीची सवलतीची सेवा बंद केली. लहान प्रकाशकांना आणि वाचकांना त्याचा फटका बसला. त्यानंतर 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली. तिच्यात तीनशे ग्रॅमपर्यंतचे पुस्तक वीस रुपयांत आणि पाच किलोपर्यंतचा गठ्ठा शंभर रुपयांत देशभर कुठेही जातो. नांदेडच्या वाचकाने लातूरच्या मित्राला या सेवेने एखादे पुस्तक जरूर पाठवावे, आणि आपल्याला त्यात काय पटले नाही ते वेगळ्या पाकिटात, दोन पानी पत्रात लिहून कळवावे.