गुडघ्यातील स्टेरॉइड इंजेक्शन आणि हाडांचे आरोग्य

अम्मीचे गुडघे दुखतात, सजद्यातून उठताना हाताचा आधार लागतो. मग कुणीतरी सांगतं, "एक इंजेक्शन घ्या, बरं वाटेल." बऱ्याच जणांना बरं वाटतंही. पण या इंजेक्शनचा हाडांवर काय परिणाम होतो, हे आपण क्वचितच विचारतो.

काम कसे करते?

ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये सांध्यातील हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते. स्टेरॉइड सूज कमी करते, म्हणून दुखणे थांबते. हा आराम सहसा काही आठवडे टिकतो. झिजलेली कूर्चा मात्र त्याने भरून येत नाही.

अभ्यास काय सांगतात?

2017 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघेदुखीच्या 140 रुग्णांपैकी निम्म्यांना 2 वर्षे दर 12 आठवड्यांनी स्टेरॉइड दिले, बाकीच्यांना नुसते मीठपाणी. स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा जास्त झिजली आणि दुखण्यात विशेष फरक पडला नाही. 2019 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी खुबा किंवा गुडघ्यात इंजेक्शन घेतलेल्या 459 रुग्णांची माहिती मांडली. त्यातील 36 जणांच्या सांध्यात बिघाड दिसला. बहुतेकांची झीज वेगाने वाढली होती. मोजक्या रुग्णांत कूर्चेखालच्या हाडाला बारीक तडा गेला किंवा हाडाचा भाग मृत झाला. हे सगळे इंजेक्शनमुळेच झाले, असे या माहितीवरून ठामपणे म्हणता येत नाही.

गोळ्या वेगळ्या, इंजेक्शन वेगळे

महिनोन्‌महिने रोज स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या तर सगळ्या शरीराची हाडे ठिसूळ होतात. सांध्यातल्या एखाद्या इंजेक्शनचा तसा धोका कमी असतो. पण औषधाचा काही अंश रक्तात जातोच. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते, ती तपासत राहा.

डॉक्टरांना हे जरूर सांगा

- आधी किती इंजेक्शने झाली आणि कधी. दोन इंजेक्शनांत साधारण 3 महिन्यांचे अंतर ठेवतात.
- हाडे ठिसूळ असल्याचे निदान झाले आहे का, पूर्वी किरकोळ पडण्याने हाड मोडले होते का.
- दुखणे अचानक वाढले आहे का. तसे असेल तर इंजेक्शनआधी नवा एक्स-रे काढायचा का, ते विचारा.
- गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे का. तिच्या आधीच्या 3 महिन्यांत इंजेक्शन घेतल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

इंजेक्शननंतर ताप आला, सांधा लाल-गरम झाला किंवा पाय टेकवेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आमचे सांगणे एवढेच: इंजेक्शनला घाबरू नका, पण सवयही लावून घेऊ नका. दुखणे कमी झालेल्या त्या काही आठवड्यांत मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करा आणि वजन जास्त असेल तर ते उतरवा. गुडघ्याला पुढे आधार मिळतो तो यातूनच.